याचं तिकीट किती?

निशी-कासाई, टोकियो
२३ डिसेंबर

ती. आई व बाबा यांस,


पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहोत. फोनवर सांगता आलं असतं. पण आई, फोनवर मी ‘जुनं पुरणयंत्र’ एवढंच म्हटलं, की तू लगेच ‘असू दे गं, लागेल कधी तरी’ म्हणतेस आणि मी हिय्या करून बाहेर काढलेली वस्तू परत कपाटात जाते. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही. हे तुझ्या हातात पडेल तोवर जे जायचं ते गेलेलं असेल. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, आणि आईनं मध्येच ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ असं म्हटलं तरी थांबू नका.

तर, आम्ही घर आवरायला काढलंय. डिसेंबर सरताना इथे झाडून सगळे हेच करत असतात. ओसोजी म्हणतात त्याला. नव्या वर्षाचा देव, तोशिगामी, घरी यायचा असतो आणि त्याला जळमटं चालत नाहीत. एदोच्या काळात बाराव्या महिन्याच्या १३ तारखेला शोगुनच्या गढीतली काजळी झाडायला सुरुवात व्हायची म्हणे. काही देवळांतून लांब बांबूंचे झाडू घेऊन अजूनही ते करतात. थोडक्यात, आपली दिवाळीची साफसफाईच, फक्त कडाक्याच्या थंडीत खिडक्या सताड उघडून. टोकियोतले सगळ्यात जास्त भारतीय आमच्या एदोगावा वॉर्डात राहतात, त्यामुळे आमच्यासारख्यांची साफसफाई दोनदा होते. एकदा लक्ष्मीसाठी आणि एकदा तोशिगामीसाठी. लक्ष्मी येऊन गेल्यावर तोशिगामी येईपर्यंत एवढा पसारा होतो कुठून, हे त्या दोघांनी एकदा समोरासमोर बसून ठरवावं.

घर तुम्ही बघितलंय. पाहुणा आला की पोरांना कुठे झोपवायचं, असा प्रश्न पडणारं. त्यात एक ओशिइरे, म्हणजे सरकत्या दारांचं खोल कपाट. हे मुळात सकाळी गाद्या गुंडाळून ठेवण्यासाठी असतं. आमच्या आधी इथे राहणाऱ्यांनी त्यात गाद्याच ठेवल्या असणार. आम्ही कराडकर, आम्ही त्याचा माळा केला. सरकत्या दाराचा एक फायदा असा की आतलं सामान अंगावर पडत नाही. यंदा मात्र दारच सरकेना.

सुरुवात आम्ही शास्त्रशुद्ध केली. मारी कोंडो या बाईंचं पुस्तक आधी इथे आलं आणि मग जगभर गेलं. त्यांची पद्धत सोपी आहे. एकेक वस्तू हातात धरायची, मनाला विचारायचं, आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची, नसेल तर आभार मानून निरोप द्यायचा. ईरानं शाळेच्या वहीत दोन रकाने आखले, ‘आनंद’ आणि ‘आभार’, आणि मला एकेक वस्तू दाखवायला लागली. आई, पुरणयंत्र हातात धरून कुणालाही आनंद होत नाही. आनंद पुरणपोळीनं होतो. पुरणयंत्रानं खांदा दुखतो. आयकराच्या फायलीनं काय होतं ते बाबांना विचार. तासाभरानं ‘आभार’च्या रकान्यात सुहासचे सगळे स्वेटर, माझी पीएफची कागदपत्रं आणि ओमचा अभ्यास जमा झाला, तेव्हा मी ती वही काढून घेतली. तिसरं मूल झाल्यावर आपणही पूर्वीसारखं आवरत नाही, असं खुद्द कोंडोबाईंनीच २०२३ मध्ये सांगून टाकलंय. त्यामुळे मला काही अपराधी वाटलं नाही.

मग ओशिइरे उपसलं. सगळ्यात खाली निघाला ट्रान्सफॉर्मर. आठवतोय ना, मी इथे यायला निघाले तेव्हा तू मिक्सर बांधून दिला होतास? तो २३० व्होल्टचा, आणि इथली वीज १०० व्होल्टची. तसाच लावला की तो वाटत नाही, नुसता उसासे टाकतो. म्हणून त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर आणला. मिक्सर उचलता येतो, ट्रान्सफॉर्मर दोघांनी मिळून हलवावा लागतो. चटणी वाटायची म्हणजे आधी फर्निचर सरकवायचं. पुढे इथला मिक्सर घेतला आणि हे दोघे कपाटात गेले. बाबा, यावर तुम्ही ‘चालतंय तोवर टाकू नये’ म्हणणार हे मला माहीत आहे, आणि याबाबतीत अख्खा जपान तुमच्या बाजूचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोनं वीज बनवायची यंत्रं जर्मनीहून मागवली आणि ओसाकानं अमेरिकेहून. म्हणून टोकियोकडची वीज ५० हर्ट्झची आणि ओसाकाकडची ६० ची. ती यंत्रं केव्हाच गेली, पण हा फरक या देशानं अजून जपून ठेवलाय. लागेल कधी तरी.

आता खरी गंमत सांगते. इथे वस्तू विकत आणणं सोपं, टाकणं महाकठीण. कुठलीही एक बाजू ३० सेंटिमीटरच्या वर गेली की वस्तू साध्या कचऱ्यात बसत नाही, ती ‘सोदाइ गोमी’, म्हणजे मोठा कचरा होते. मग वॉर्डाकडे नोंदणी करायची. ते तारीख देतात. डिसेंबरात सगळं शहर आवरत असल्यामुळे ती लांबची मिळते. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून तिकिटं आणायची. ‘ए’ तिकीट २०० येनचं, ‘बी’ ३०० चं. वस्तूच्या मापाप्रमाणे ती चिकटवायची, त्यावर नाव किंवा नोंदणीचा नंबर लिहायचा आणि ठरल्या दिवशी सकाळी ८ च्या आत खाली नेऊन ठेवायचं. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांना तर तेही दार बंद. त्या चौघांसाठी २००१ पासून वेगळा कायदाच आहे, आणि त्यांना सोडवायचं म्हणजे रिसायकलिंगचे पैसे आपण भरायचे. आणताना मोबाइलवर एक बोट लागलं होतं. टाकताना अर्ज, तारीख, तिकीट आणि आठच्या आत उठलेला नवरा लागतो. पहिल्या तीन गोष्टींची सोय सरकार करतं.

३० सेंटिमीटरचं कळल्यावर सुहासनं टेप आणली आणि रविवारभर घर मोजलं. पोळपाट थोडक्यात वाचला. लाटणं मात्र वर गेलं. नियम अक्षरशः लावायचा तर लाटणं पलंगाच्या पंगतीत बसतं. ओमनं ईराला मोजलं, ती भरपूर वर गेली हे पाहून तो तिच्यासाठी तिकीट मागायला आला. किती लागेल, तेही त्यानं काढून ठेवलं होतं.

छोट्या वस्तूंचे लाड वेगळे. बाटलीचं झाकण वेगळं, कागद सोलून वेगळा, मग बाटली विसळून चपटी करायची. दुधाचा खोका कापून, धुऊन, वाळवून, गठ्ठा बांधून द्यायचा. आमच्याकडे भांड्यांपेक्षा कचरा जास्त घासला जातो. धारदार वस्तू जाड कागदात गुंडाळून वर ‘किकेन’, म्हणजे धोका, असं लिहायचं, उचलणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. मला हे फार आवडलं. त्याप्रमाणे मी तू दिलेली विळी गुंडाळली, वर ओमकडून मोठ्या अक्षरात ‘किकेन’ लिहून घेतलं, आणि रात्री परत सोडून ओट्याखाली ठेवली. खवलेला नारळ गोठवलेला मिळतो, ठाऊक आहे मला. तरी ठेवली.

तुझी एक गोष्ट मात्र कायद्यानंच खरी ठरवली. पिशव्यांची पिशवी. स्वयंपाकघराच्या दाराला लटकलेल्या त्या फुगीर पिशवीवरून सुहास मला लग्नापासून चिडवतोय. १ जुलै २०२० पासून इथे दुकानांना प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे घेणं सक्तीचं झालं आणि एका रात्रीत आमच्या दारामागे मालमत्ता लटकायला लागली. आता सुहासच बाहेर पडताना ‘एक देतेस का?’ विचारतो. मी हिशेबानं देते.

कपड्यांपाशी आल्यावर मात्र मला बोहारणीची फार आठवण झाली. दुपारी जेवणं झाली की ती ओट्यावर येऊन टोपली उतरवायची. तू दोन साड्या आणि बाबांची एक पँट पुढे करायचीस आणि डोळा झाकणाच्या डब्यावर ठेवायचीस. ती साडी उजेडाकडे धरून बघायची आणि म्हणायची, ‘ताई, आणखी एक पँट टाका.’ बाबा आतून ओरडायचे, ‘मी काय घालू?’ रद्दीवाला तराजूच्या दांडीला करंगळी लावायचा, भंगारवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच तू बादली बाहेर काढायचीस. लुगड्याची वाकळ व्हायची, वाकळीचं पायपुसणं व्हायचं, शिळी भाकरी गायीला जायची. घर आवरण्यावर तू कुठलं पुस्तक वाचलं नाहीस, कारण प्रत्येक वस्तूच्या पुढे कुणी ना कुणी हात पसरून उभं होतं. ज्यांच्यापुढे कुणीच नव्हतं त्या माळ्यावर गेल्या. (‘माळ्यावरचं निम्मं सामान बोहारणीनं नाकारलेलं आहे,’ हे बाबांचं मत मी इथे नोंदवून ठेवते.)

इथे बोहारीण नाही, पण जुन्या कपड्यांची दुकानं आहेत. अशाच एका दुकानात आम्ही पिशवी भरून गेलो. तिथल्या मुलीनं एकेक कपडा दोन्ही हातांनी घेतला, शिवण बघितली, गुंड्या मोजल्या, वाकून आभार मानले. मग ओळखपत्र मागितलं. चोरीचा माल येऊ नये म्हणून. ओमची आखूड झालेली पायजमावजा चड्डी विकायला मी माझं रहिवासी कार्ड दिलं, फॉर्मवर पत्ता लिहिला, व्यवसाय लिहिला. सगळ्याचे मिळून जे येन आले त्यात एक ओनिगिरी, म्हणजे भाताचा त्रिकोणी गोळा आला. सुहासनं तो दुकानाबाहेर उभ्या उभ्या खाल्ला. म्हणाला, ‘याचा निदान पसारा होणार नाही.’ बोहारणीनं डबा दिला, आणि ओळखपत्रही कधी मागितलं नाही.

मग आम्ही आपल्या लोकांच्या वाटेनं गेलो. इथे कुणाची बदली झाली की ‘सायोनारा सेल’ लागतो. व्हॉट्सॲपवर घरातल्या सगळ्या वस्तूंचे फोटो पडतात. फ्रिज तर बरेचदा फुकट असतो, कारण तो द्यायचे पैसे घेण्यापेक्षा टाकायचे पैसे वाचवणं जास्त फायद्याचं. आमचा फ्रिज एका नागपूरकरांकडून आला, त्यांना तो चेन्नईच्या कुणीतरी दिला होता. दार उघडलं की अजून सांबाराचा आणि सावजीचा संमिश्र वास येतो असं सुहास म्हणतो, मला येत नाही. आम्ही त्या ग्रुपवर मिक्सर आणि ट्रान्सफॉर्मरचा फोटो टाकला. कोल्हापूरची एक नवी मुलगी धावत आली. इथल्या मिक्सरमध्ये ओलं खोबरं आणि खसखस धड वाटली जात नाही म्हणून ती रडकुंडीला आली होती. नवरा-बायकोनं ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी धरून नेला, वाटेत दोनदा खाली ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडून वाटीभर ठेचा आला. वाटी परत करायची आहे, म्हणजे एक वस्तू कमी झाली आणि एक वाढली. पण ट्रान्सफॉर्मरच्या बदल्यात वाटी, हा सौदा तुझ्या बोहारणीलाही जमला नसता.

आता जरा मन घट्ट कर. पाट गेला.

हो, तोच. लग्नात जावयाला बसवलेला, पितळी फुल्या ठोकलेला. तू विमानात हातात धरून आणलेला. आम्ही जेवतो टेबलावर, गणपती बसतो चौरंगावर; पाट ओशिइरेत उभा राहून राहून एका बाजूनं वाकायला लागला होता. मोजला, ३० च्या बराच वर. नोंदणी केली, २०० ची दोन तिकिटं चिकटवली आणि सुहास आठच्या आत खाली घेऊन गेला. कावळ्यांसाठी कचऱ्यावर जाळी टाकतात, तिथे आमच्या इमारतीचे कानरीनिन-सान उभे होते. कानरीनिन म्हणजे व्यवस्थापक. सत्तरीचे गृहस्थ, अतिशय अदबशीर. कुणाची बाटली झाकणासकट आली तरी आधी माफी मागतात आणि मग ती परत देतात. त्यांनी पाट पाहिला, फुल्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, हे काय? सुहासचं जपानी ऑफिसपुरतं आहे, त्यात पाट येत नाही. मग त्यानं पाट खाली मांडला, त्यावर मांडी घातली आणि कडाक्याच्या थंडीत, कचऱ्याच्या जाळीशेजारी, हवेतल्या हवेत वरण-भात कालवून खाऊन दाखवला. आईशप्पथ, मी गॅलरीतून बघत होते. तूप वाढायलाही तो विसरला नाही.

कानरीनिन-सानांनी शेवटपर्यंत गंभीरपणे पाहिलं. मग कंबरेत वाकून विचारलं, हा मी घेतला तर चालेल का? त्यांनी ती दोन्ही तिकिटं नखानं इतकी हळुवार सोडवली की एकही फाटलं नाही, आणि सुहासच्या हातात परत दिली. सुहासनं वॉर्डाला फोन करून ‘वस्तू येणार नाही’ कळवलं आणि तिकडच्या बाईंनी कळवल्याबद्दल आभार मानले. आता इमारतीच्या दाराशी, आत शिरल्या शिरल्या, पाटावर कुंडीतलं पाइनचं झाड बसलंय. रोज पुसतात ते. फुल्या चकाकतात. तुझ्या जावयापेक्षा ते झाड पाटावर शोभतं, हे मी सुहासला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट या लोकांची तुला पटेल. वापरलेली वस्तू नुसती फेकून देणं यांच्याही जिवावर येतं. ८ फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी देवळात बायका वर्षभरात मोडलेल्या सुया घेऊन जातात आणि मऊ तोफूत टोचून ठेवतात. आयुष्यभर जाड कापडातून गेल्या, शेवटी तरी मऊ जागा मिळावी म्हणून. जुन्या बाहुल्यांचा निरोप मेइजी जिंगू देवस्थानात ऑक्टोबरात होतो. बाबा खंडेनवमीला पाना-पक्कडीला झेंडू वाहतात ते मी ईराला सांगितलं, तर तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. इथली एक जुनी समजूत अशीही आहे की शंभर वर्षं झालेल्या वस्तूत जीव येतो आणि तिला तसंच टाकून दिलं तर ती रागावून मालकाच्या मागे लागते. आई, तुझ्या माळ्यावर आजीचं जातं आहे, आजोबांचा कंदील आहे, पणजीचा तांब्या आहे. रात्री वरून आवाज आला तर बाबांना उंदीर समजून काठी घेऊन चढू देऊ नकोस, आधी नमस्कार करायला सांग.

भेट आलेल्या शोभेच्या गणपतींचं काय केलं, हे तू विचारणारच. ते काढले नाहीत. सगळे ३० च्या आत आहेत.

आता आमच्या घरात नवा नियम आहे. कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी किंमत विचारायची नाही, ‘याचं तिकीट किती?’ विचारायचं. एअर फ्रायर या प्रश्नावर पडला. व्यायामाची सायकल फोटोतच पडली. ओमला हवा असलेला किल्ला दोन तिकिटांचा निघाला, तेव्हा त्यानं ती आपल्या खाऊच्या पैशातून भरायची तयारी दाखवली. त्यावर निर्णय व्हायचाय. घेताना घाम फुटायला लागला की टाकताना फुटत नाही, एवढं या वर्षाअखेरीस आम्हाला समजलं. आणि जे फुटलेलं नाही, त्याला आधी माणूस शोधायचा, तिकीट त्यानंतर.

हाच नियम एप्रिलात तुम्ही याल तेव्हा तुमच्या बॅगांना लागू आहे. साकुराचा बहर बघायला या, भांडी आणायला नको. समई नको, डब्यांचा संच नको, वहिनीनं विणलेलं टीव्हीचं आवरण नको. (आमच्या टीव्हीला पाठ अशी उरलेलीच नाही, हे तिला गोड शब्दांत सांग.) हापूसही नको, फळं विमानतळावर काढून घेतात आणि आई, तू तिथल्या अधिकाऱ्याशी भांडशील. आणायचंच तर गोडा मसाला आण, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, चकलीची भाजणी आण. खाण्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावायला इथे तारीख घ्यावी लागत नाही.

बाबा, बीपीची गोळी चुकवू नका. आई, माळ्यावर एकटी चढू नकोस. दादा-वहिनीला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
बेबी

ता. क. पाकीट चिकटवतच होते तेवढ्यात कानरीनिन-सान आले. समोरच्या इमारतीच्या कानरीनिन-सानांनी पाट बघितला आणि त्यांनाही तसाच हवाय, शिवाय त्यांच्या बहिणीला एक. माळ्यावर लग्नातले आणखी असतील ना? फुल्या ठोकलेलेच बघ. समई काढून ठेवली असशील त्या बॅगेत सहज मावतील.